माझ्या डोक्यावरची काचेची टाकी

आक्का, तुम्हाला नेलं त्याच दिवशी दुपारी तुमची काचेची टाकी मी रिकामी केली. अकरा वर्षं आपण दोघी जावा जिच्यावरून भांडलो, ती टाकी शेवटी मीच उपसली, आणि अडवायला तुम्ही नव्हत्या. हे आधी सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळलेलं तुम्हाला कधीच चाललं नाही.

विषय काढला तो मावशींनी. आपल्या सासूबाईंची धाकटी बहीण, गावाहून पहिल्या गाडीनं आलेल्या. माणसं तुम्हाला घेऊन गेली, आम्ही बायका मागं राहिलो, तसा त्यांनी पदर खोचला. "घरात भरलेलं पाणी ठेवायचं नसतं गं. माठ, हंडे, ड्रम, समदं ओता." आमच्या मुकुंदवाडीत नळ येतो आठव्या दिवशी. भरलेले ड्रम ओतायचे म्हणजे आठवडा कोरडा. तरी ओतले. शेजारणींनी आपापल्या घरून कळशी कळशी आणून दिली, त्यावर सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. मग मावशी जिना चढून तुमच्या हॉलमध्ये गेल्या आणि टाकीपुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे बी भरलेलंच पाणी हाय की."

मी म्हणायला पाहिजे होतं, मावशी, ह्यात जीव आहे, राहू द्या. म्हणाले नाही. खोटं कशाला बोलू, मला आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं. सहा फुटांची टाकी, साडेतीन ड्रम पाणी, सात क्विंटलच्या आसपास वजन, आणि बरोबर तिच्या खाली माझा पलंग. ते ओझं काढून टाक असं कुणीतरी मोठं माणूस मला सांगत होतं. मी नळी लावली, दुसरं टोक गॅलरीतून खाली सोडलं, आणि तळाचं राहिलेलं बादलीनं उपसलं.

पेशंटला मात्र हात लावू दिला नाही कुणाला. तुमच्या त्या काळ्या-नारिंगी, वीतभराहून मोठ्या ऑस्कर माशाचं नाव पेशंट का, हे मावशींना कोण समजावणार! टाकीचंच पाणी निळ्या ड्रममध्ये भरलं, त्याला ओल्या टॉवेलात धरून त्यात सोडलं, आणि ड्रम मागच्या बाजूला ठेवून वर जुनी चादर टाकली. मावशींनी विचारलं तर म्हणलं, धुण्याचं पाणी आहे. सुतकात खोटं बोलले, आक्का. तेवढं तरी तुमच्यासाठी केलं.

टाकी आपल्या घरी आली तेव्हाच म्हातारी होती. औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तुम्ही उभी हयात नोकरी केली. केसपेपर लिहायचे, पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायचे, आणि थेंब मुरेपर्यंत त्यांना माशांच्या टाकीपुढं बसवायचं. म्हणायच्या, "त्यांना काय दिसतंय? सगळं धूसर. पण गप बसतात." डॉक्टरांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं तेव्हा विचारलं, बाई, तुम्हाला काय देऊ? दुसरी कुणी असती तर अंगठी मागती. तुम्ही टाकीकडं बोट दाखवलं. छोट्या टेम्पोत गाद्यांवर टाकी, तिला एका हातानं धरून बसलेल्या तुम्ही, आणि मांडीवर मासा घातलेली पाण्याची कॅन. सगळी गल्ली बघायला जमली. मी दारातून ओरडले, "नवरी आणली का काय, आक्का?" तुम्ही म्हणल्या, "व्हय. आणि तुझ्या डोक्यावर बसवणारंय." तेव्हा मी खदाखदा हसले होते.

हसू आठवडाभर टिकलं. मग मी टाकीचं वय विचारायला लागले. तुम्ही सांगितलं, डॉक्टरांच्या मुलाच्या बारशाला घेतली होती. तो मुलगा आता स्वतः लोकांचे डोळे तपासतो! म्हणजे काचांना एकमेकींशी धरून ठेवणारं ते सिलिकॉन किती जुनं झालं असणार. कोपऱ्यांत पिवळं पडलेलं, एका जागी आत बारीक बुडबुडे, खालच्या कडेला नखानं उचकटेल असं सुटलेलं. मी मोबाइलवर टाक्या फुटल्याचे व्हिडिओ शोधायचे आणि मुद्दाम वर घेऊन यायचे. घरभर पाणी, सोफ्याखाली तडफडणारे मासे, डोक्याला हात लावलेला घरमालक. तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्यानं स्टँड वाकडा ठेवला होता." झालं. माझी सगळी भीती त्या एका वाक्यात निकालात.

"रिकामी करा, नवीन सिलिकॉन मारून घ्या," हे मी किती वेळा म्हणलं असेल. तुमचं उत्तर ठरलेलं. "जुनी टाकी वाळवायची नसती, मंगल. ओली आहे तवर धरून राहती. एकदा वाळली की जोड आकसतो, मग भरली की गळती." मला वाटायचं, ही नुसती पळवाट आहे. तुम्हाला माशाविना एक दिवस राहवत नाही, म्हणून शास्त्र सांगताय.

आणि तुमची ती कुंकवाची रेघ! टाकीच्या खाली, स्टँडच्या कडेकडेनं पांढरा कागद चिकटवलेला, आणि त्यावर रोज सकाळी कोरड्या कुंकवाची बारीक रेघ ओढायची. एक थेंब जरी पाझरला तरी लाल ओघळ दिसणार. दवाखान्यात शिकलात म्हणे. मी भिशीच्या बायकांना सांगायचे, आमच्या आक्का टाकीला हळदीकुंकू करतात. बायका हसायच्या. मी आणखी रंगवून सांगायचे, "माझ्या डोक्यावर तलाव ठेवलाय जाऊबाईनं. एक दिवस मी पलंगासकट पैठणला वाहत जाणार." तुमच्या माघारी बोललेलं सगळं तुमच्यापर्यंत पोचत होतं, हे मला माहीत होतं. पोचावं म्हणूनच बोलायचे.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, तुम्हाला तर नाहीच. माझं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही मला खाली ठेवलं नाही. "तुझ्या घरात येणारे-जाणारे फार, पडून राहायला मिळायचं नाय," म्हणून वरच्या हॉलमध्ये टाकीपुढं माझी गादी घातली. टीव्हीचा रिमोट लपवला. वीस दिवस मी पेशंटकडं बघत पडून होते. तो काचेला तोंड लावून माझ्याकडं बघायचा, मी कूस बदलली की तोही त्या बाजूला यायचा. तुम्ही भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काय म्हणतोय पेशंट?" आणि मी विचारायचे, "कोणता?" आक्का, मला ती टाकी आवडत होती. उभ्या जन्मात एवढी शांत मी कधी पडले नव्हते. खाली माझ्या घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशीपासून मी पुन्हा भांडायला लागले, कारण तिच्याखाली झोपायची भीतीही तेवढीच खरी होती. दोन्ही खरं होतं, आणि मी तुम्हाला एकच सांगितलं.

मग ती ओल आली. माझ्या पलंगाच्या वर, छताला, ताटाएवढा डाग. मी तरातरा जिना चढून वर आले. तुम्ही पीठ मळत होत्या. "या, बघा आता! अकरा वर्षं बोंबलते मी!" तुम्ही पिठाचे हात तसेच घेऊन आल्या, टाकीपुढं गुडघ्यावर बसल्या, खाली वाकून चारी बाजू बघितल्या. उठायला भिंतीचा आधार घेतला. म्हणल्या, "माझी रेघ कोरडी आहे."

"चुलीत घाला ती रेघ," मी म्हणलं. "रेघ बघू का छत बघू? कुणीतरी मेल्यावरच टाकी काढणार आहात का?"

 तुम्ही परत जाऊन पीठ मळायला लागल्या. मी जिना उतरताना मुद्दाम पाय आपटले.

चार दिवस आपण बोललो नाही. एकाच घरात, एकाच जिन्यानं जाऊन-येऊन, तोंडं फिरवून. पाचव्या दिवशी तुम्ही भाऊजींच्या हाती कारळाच्या चटणीची वाटी पाठवली. मी वाटी रिकामी कशी पाठवू, गुळाचा खडा घालून परत केली. मिटलं, असं मी समजले. टाकीचा विषय मात्र तुम्ही काढला नाही, मीही काढला नाही. म्हणलं, निवांत बोलू. दहा दिवस गेले असतील. तुम्ही सकाळी चहा प्यायल्या, खुर्चीत टेकल्या, आणि भाऊजींनी दुसऱ्यांदा हाक मारली तरी ओ दिली नाही.

त्या दुपारी टाकी उपसताना मला एक चमत्कारिक दिसलं होतं. टाकी भरलेली नव्हतीच. वर काचेवर क्षाराचा पांढरा पट्टा होता, जिथपर्यंत पाणी कायम असायचं, आणि पाणी त्याच्या पार खाली, अर्ध्याहून कमी. मला वाटलं, बघा, गळून गळून एवढं कमी झालं. मनातल्या मनात मी जिंकले होते, आक्का. तुमच्या मयताच्या दिवशी.

भाऊजी स्मशानातून आले, आंघोळ केली आणि मोकळ्या टाकीपुढं जमिनीवरच बसले. मी चहा नेला. म्हणलं, "भाऊजी, पाणी अर्धंच होतं. केव्हापासून गळत होती?"

"गळत नव्हती," ते म्हणाले. "ती काढत होती. तुमचं वाजलं ना, त्या दिवसापासून रोज सकाळी दोन बादल्या. मी म्हणलं मी काढतो, तर ऐकंना. म्हणायची, मंगलच्या डोक्यावरचं वजन कमी करते. नीट झोप लागंल तिला."

मी कप ठेवला आणि खाली आले. मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. माझ्या कढीपत्त्याचं आळं ओलं होतं. त्या पंधरवड्यात तो असा काही फुटला होता की मीच समोरच्या शोभाला दाखवला होता, बघ, माझ्या हाताला यश आहे म्हणून. माशांच्या पाण्यानं झाड पोसतं, हे तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी उठायच्या आधी तुम्ही बादल्या घेऊन जिना उतरत होत्या, आणि माझ्या झाडाला घालून परत वर जात होत्या. त्या बादल्यांनी तुमच्या काळजावर काय केलं, ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, बाई, तसा काही संबंध लावू नका. मी त्यांचं ऐकायचं ठरवलंय. रोज सकाळी पुन्हा ठरवावं लागतं.

एवढ्यावर थांबतं तर एक वेळ परवडलं असतं. तिसऱ्या दिवशी मी छताकडं बघितलं. डाग परातीएवढा झाला होता. वर टाकी कोरडी ठणठणीत, तळाला वाळलेली वाळू, आणि खाली माझ्या छतातून थेंब सुटलेला. मी पलंगावर बसून त्या थेंबाकडं बघत राहिले. ह्यांनी प्लंबर बोलावला. त्यानं अर्ध्या तासात सांगितलं, वरच्या न्हाणीच्या मोरीचा पाइप स्लॅबमध्ये सुटलाय, पाहुण्यांच्या आंघोळींनी जास्त पाणी गेलं म्हणून वाढलं. पाइप बदलला, आणि आठ दिवसांत छत सुकलं. टाकीचा आणि त्या ओलीचा काडीचा संबंध नव्हता. तुमची रेघ कोरडी होती, कारण टाकी गळतच नव्हती. एवढं साधं होतं ते.

आता जे सांगते ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय. तेराव्याला पंगत बसली होती. मी वरण वाढत होते. बायकांत विषय निघाला. कुणीतरी म्हणलं, "माणूस चांगलं होतं, पण त्या टाकीपायी घर नासवलं बिचारीनं. धाकटीचं छत गेलं." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कीव करून. मला माहीत होतं, आक्का. प्लंबर येऊन गेला होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी म्हणलं, "वरण घ्या अजून," आणि पुढच्या पानाकडं सरकले. तुमच्या तेराव्याच्या पंगतीत, तुमच्या फोटोसमोर, मी माझी अब्रू सांभाळली.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींना विचारलं, टाकीचं काय करायचं? ते म्हणाले, "तुमच्या डोक्यावर हाय, तुम्हीच ठरवा." ड्रममधला पेशंट तोपर्यंत खायचा बंद झाला होता. चादर उचलली की तळाशी काळी सावली दिसायची, वर यायची नाही.

मी शहागंजातून युसूफभाईंना आणलं, टाक्या बांधणारे. त्यांनी खिशातून बॅटरी काढली, कोपरा कोपरा बघितला, पिवळ्या जोडावर नख मारलं.  "भाभी, जोड पुराना है, मगर पकड अच्छी थी. कहीं से नै गली ये," ते म्हणाले. मग तळाच्या वाळूत बोट घातलं. "सुखाये कायको? इत्ते साल की टाकी सुखाते नै. अब भर को मैं जिम्मेदारी नै लेता."

म्हणजे चांगली चाललेली टाकी कच्ची केली ती मीच. तुम्ही अकरा वर्षं जे सांगत होत्या ते युसूफभाईंनी एका वाक्यात सांगितलं, आणि त्यांचं मी लगेच ऐकलं. असं का असतं? घरच्या बाईचं शास्त्र पळवाट वाटतं आणि बाहेरच्याचं पटतं.

मी विचारलं, वरून नवीन सिलिकॉन फासून चालेल का? ते मान हलवत म्हणाले, "पुराने के उपर नया चिपकता नै, भाभी. पूरा निकालना पडता." मग दोन दिवस अंगणात बसून त्यांनी ब्लेडनं सगळं जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, काचा स्पिरिटनं पुसल्या, पुन्हा जोडल्या. घरभर आंबूस वास. आठवडाभर टाकीला पाणी दाखवायचं नव्हतं. नळाच्या दिवशी मी अंगणातच ती काठोकाठ भरली. गल्लीत लोक घागरीसाठी धावत होते आणि मी टाकी भरत होते, नावं ठेवली लोकांनी. पूर्वी मीच तुम्हाला ठेवायचे. चार दिवस भरलेली ठेवली. खाली कागद लावला आणि कुंकवाची रेघ ओढली. माझी वाकडीतिकडी आली. चारही दिवस ती कोरडी राहिली.

हे म्हणाले, "आता खालीच ठेव आपल्या हॉलमध्ये. कशाला डोक्याला ताप?" मी म्हणलं, वर जाईल, होती तिथंच. हे माझ्याकडं बघत राहिले. अकरा वर्षं ह्या माणसानं माझी कटकट ऐकली होती, त्यांचं तरी काय चुकलं! पण भाऊजी वर एकटे असतात, आणि मला आता त्या वजनाची भीती वाटत नाही. वाटली तरी वाटू दे. चार माणसांनी टाकी वर नेली. पेशंटनं तिसऱ्या दिवशी पहिला घास घेतला, तोही भाऊजींच्या हातून. माझ्याकडं त्यानं पाठ फिरवली. बरोबर आहे त्याचं.

आणि मग मी गल्लीत निघाले. तेराव्याला गिळलेलं वाक्य बाहेर काढायला. भिशीतल्या एकेकीच्या दारात उभी राहून सांगितलं, "ओल मोरीच्या पाइपची होती. आक्कांची टाकी कधीच गळली नाही. मी खोटा आळ घेतला." कुणी म्हणलं, जाऊ दे गं. कुणी म्हणलं, आता काय त्याचं. शेवटी समोरच्या शोभाकडं गेले. सगळ्यात जास्त मी तिच्याच ओट्यावर बसून बोलले होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण आक्काच म्हणाल्या की गळती म्हणून."

"आक्का म्हणाल्या?"

"व्हय. त्या शेवटच्या आठवड्यात. भाजीवाल्यापाशी मी विचारलं, काय हो आक्का, मंगल म्हणती टाकी गळायला लागली, खरं का? त्या जुडी निवडत होत्या. म्हणाल्या, मंगल म्हणती म्हणजे गळत असंल. माझी जाऊ खोटं बोलत नाय."

तुमची रेघ कोरडी होती. तुम्हाला पक्कं माहीत होतं. रोज दोन बादल्या पाणी तुम्ही उगाच उतरवत होत्या, हेही माहीत होतं. आणि चार बायकांत भाजीच्या गाडीपाशी तुम्ही आपली टाकी खोटी पाडली आणि मला खरं ठरवलं. मी शोभाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं रडले, आक्का. तुम्ही गेल्या त्या दिवशीही अशी रडले नव्हते.

सगळ्या गल्लीला सांगून झालं. ज्यांना सांगायचं होतं त्या एकट्याच राहिल्या. टाकी गळत नव्हती, आक्का. मी चुकले.